लेखणीला चाक लावणारा लास्लो बिरो

परीक्षेचा तिसरा तास सुरू झाला की वर्गात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. कुणी पेन बाकावर ठेवून बोटे झटकतो. कुणी मनगट दाबतो. कुणी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून क्षणभर डोळे मिटून घेतो. उत्तर डोक्यात तयार असते, पण हात पुढे सरकत नाही. शेवटच्या प्रश्नाचे अक्षर पहिल्या प्रश्नाच्या अक्षराला ओळख देत नाही. प्राध्यापकांना हे दृश्य खुर्चीतून दरवर्षी दिसत असेल, आणि पेपर तपासताना त्याचा त्रासही होत असेल.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या अलीकडे, एक घट्टा पडला आहे. आईने तो पाहिला तेव्हा तिला नवल वाटले. तिच्या हातांना रोवणीचे आणि कापणीचे घट्टे आहेत. नुसते लिहून घट्टा पडतो ही गोष्ट तिने प्रथमच ऐकली. आमच्या घरात एवढे लिहिण्याची पाळी माझ्याआधी कुणावर आलीच नव्हती. आजोबा कागदावर अंगठा उठवीत. बाबा सही करतात, तीही अक्षर अक्षर जुळवीत. तेव्हा हा घट्टा म्हणजे आमच्या घरातील नवीनच वस्तू. तो ज्या पेनाने दिला ते पेन प्रथम कुणी केले, आणि ते असेच का केले, याचा मागोवा घेता घेता मी एका विलक्षण माणसापर्यंत येऊन पोचलो. त्याचे नाव लास्लो बिरो.

हंगेरी देशात माणसाचे आडनाव आधी आणि नाव मागून सांगतात. अगदी आपल्या हजेरीपटासारखे. त्यामुळे त्याच्या मायदेशी तो बिरो लास्लो. २९ सप्टेंबर १८९९ रोजी बुडापेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. विद्यार्थी म्हणून त्याने वैद्यकशास्त्राला सुरुवात केली, पण ते शिक्षण पुरे केले नाही. संमोहनविद्येचा नाद लागला, चित्रकला आणि शिल्पकला यांचा लागला, मोटारींच्या शर्यतींचाही लागला. विम्याचे काम त्याने करून पाहिले. मोटारीसाठी आपोआप बदलणारा गिअर तयार केला. जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क घेतले, पण उत्पादन मात्र केले नाही. एखाद्या गावात असा तरुण असता तर लोकांनी त्याला धरसोड्या म्हणून सोडून दिले असते. मलाही चरित्राचा हा भाग वाचताना तसेच वाटले. नंतर लक्षात आले की ज्या एका कामाने तो जगाला ठाऊक झाला त्या कामाला या साऱ्या धरसोडीतले काही ना काही उपयोगी पडले आहे.

शेवटी तो पत्रकारितेत स्थिरावला. पत्रकाराचा दिवस लिहिण्यात जातो, आणि त्या काळी लिहिणे म्हणजे फाउंटन पेन. आज फाउंटन पेनाविषयी मोठ्या प्रेमाने बोलले जाते. परंतु रोजच्या घाईच्या कामात ते किती छळीत असेल याची कल्पना आपल्याला नाही. शाई भरा, निब पुसा, लिहिलेले वाळेपर्यंत हात उचलून धरा किंवा टिपकागद दाबा. घाई केली की बाहीला डाग. निब कागदात अडकली की शाईचा फराटा. लिहिणाऱ्याचे अर्धे लक्ष मजकुरात आणि अर्धे शाईत.

बिरोचे पाऊल छापखान्यात पडत असे. तेथे त्याला दिसले की वर्तमानपत्राची शाई कागदावर पडता पडता वाळते आणि हाताला लागत नाही. मग हीच शाई पेनात का भरू नये? त्याने ती भरून पाहिली. ती इतकी दाट होती की निबेपर्यंत उतरेचना. येथे साधा माणूस थांबला असता. बिरोने प्रश्न उलटा केला. शाई बदलायची नाही, तर टोक बदलायचे. छापखान्यात दाट शाई कागदावर येते ती फिरत्या रुळाने. पण रूळ पुढेमागेच फिरतो, आणि अक्षर तर वळते, गाठ घेते, मागे येते, पुन्हा वर जाते. सर्व दिशांना फिरेल असा एकच आकार आहे, तो म्हणजे गोल गोळी. मुले रस्त्यात गोट्या खेळत असताना एक गोटी पाण्याच्या डबक्यातून घरंगळत गेली आणि कोरड्या जमिनीवर ओली रेघ उमटवीत गेली, ते पाहून त्याला ही युक्ती सुचली अशी एक गोष्ट सांगतात. न्यूटनच्या सफरचंदासारखीच ती असावी. खरी असो वा नसो, सांगायला सोपी आहे म्हणून टिकली.

गोळीची कल्पना मात्र अगदीच नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत जॉन लाउड याने १८८८ मध्येच असे एक साधन नोंदविले होते. चामड्यासारख्या खरखरीत वस्तूवर खुणा करण्यासाठी ते ठीक होते, पण कागदावर त्याने नीट लिहिता येईना. मधल्या पन्नास वर्षांत आणखी कित्येकांनी हात पोळून घेतले. सर्वांचे घोडे एकाच ठिकाणी अडले. शाई पातळ केली तर गोळीच्या भोवतालून गळते, दाट केली तर गोळी कोरडीच फिरते. त्यातून ऊन वाढले की तीच शाई पातळ होते आणि थंडी पडली की घट्ट होते. वैशाखातल्या दुपारी सदऱ्याच्या खिशात निळा डाग घेऊन घरी आलेल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. मी एकदा आलेलो आहे.

तेव्हा खरे काम होते ते शाईचे आणि गोळीच्या घराचे. शाईच्या कामी बिरोला त्याचा भाऊ ग्यॉर्गी याची मदत झाली. त्याला रसायनशास्त्राची जाण होती. आपल्या बॉलपेनाचे टोक भिंगाखाली धरून पाहावे म्हणजे या कामाची नजाकत कळते. सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान अशी गोळी पितळेच्या वाटीत बसविलेली असते. वाटीची कड गोळीवर किंचित दुमडलेली असते, म्हणून गोळी पडत नाही. परंतु ती इतकीही दुमडलेली नसते की गोळी फिरणार नाही. गोळीचा आतला भाग शाईत बुडतो, बाहेरचा भाग कागदाला टेकतो. लिहिताना गोळी फिरते आणि आतली शाई बाहेर आणते. लिहिणे थांबले की तीच गोळी बुचासारखी दार लावून घेते. एकाच वस्तूने चाकाचे आणि झाकणाचेही काम करावे, ही त्यातली खरी गंमत आहे.

१९३८ मध्ये बिरोने हंगेरीत आणि ब्रिटनमध्ये या पेनाचे पेटंट मिळविण्यासाठी नोंदणी केली. पण ते वर्ष ज्यू माणसाने हंगेरीत काही उभे करण्याचे नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथे पहिला ज्यूविरोधी कायदा झाला. वृत्तपत्रांसह अनेक व्यवसायांत ज्यूंचे प्रमाण शंभरात वीसवर बांधून टाकण्यात आले. ज्या लेखणीच्या धंद्यात तो स्थिरावला होता तेथेच त्याला दार लागू लागले.

येथे त्याच्या आयुष्यात कादंबरीत शोभावी अशी एक भेट घडली. युगोस्लाव्हियातील एका हॉटेलात तो आपल्या नमुन्याच्या पेनाने लिहीत होता. शेजारच्या एका परदेशी गृहस्थाचे त्या पेनाकडे लक्ष गेले. दोघे बोलू लागले. हे पेन तुम्ही आमच्या देशात येऊन तयार करा, असे त्या गृहस्थाने सुचविले. तो गृहस्थ होता आगुस्तिन हुस्तो. १९३२ ते १९३८ या काळातला अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष. बिरोला प्रथम तो कोण हे ठाऊकच नव्हते, तो एखाद्या कंपनीचा अध्यक्ष असावा असे त्याला वाटले, असे सांगतात.

१९३८ च्या अखेरीस बिरो पॅरिसला गेला. महायुद्ध पेटल्यावर युरोप सोडून तो समुद्रमार्गे अर्जेंटिनाला पोचला. भाषा परकी, हाती पैसा नाही, पत्नी आणि मुलगी मागून यायच्या. आमच्या जिल्ह्यातून नागपूरला कामाला गेलेला माणूसही पहिल्या महिन्यात घाबराघुबरा होतो. हा तर महासागर ओलांडून गेला होता, आणि मागे राहिलेल्या त्याच्या लोकांचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. हंगेरीतले लाखो ज्यू १९४४ मध्ये छळछावण्यांत मारले गेले. त्या हॉटेलात त्या दिवशी हुस्तो शेजारी बसला नसता तर, हा विचार बिरोच्या मनात किती वेळा आला असेल!

ब्युनोस आयरेस येथे हुआन होर्हे मेन या मित्राच्या भागीदारीत त्याने नवा कारखाना उभारला, आणि १० जून १९४३ रोजी नवे पेटंट नोंदविले. बिरोतले ‘बिरो’ आणि मेनमधले ‘मे’ जोडून पेनाचे नाव पडले ‘बिरोमे’. अर्जेंटिनात आजही दुकानदाराकडे बॉलपेन मागताना लोक बिरोमेच मागतात.

वाचणाऱ्याला वाटेल, संपली गोष्ट, मिळाले यश. पण माझ्या मते चरित्राचा सर्वांत शिकण्यासारखा भाग येथून पुढे आहे. पहिली बिरोमे पेने बाजारात आली आणि लोक कंटाळले. शाई नुसत्या गुरुत्वाकर्षणाने खाली यावी अशी त्यांची रचना होती. म्हणून पेन जवळजवळ उभे धरावे लागे. जरा आडवे केले की रेघ तुटे. कधी शाई अडे, कधी एकदम गोळा होऊन बाहेर येई. हाताला सहज वाटणारी पकड तिरपी असते आणि हे पेन हाताला ताठ उभे राहायला सांगत होते. येथे आपल्या परीक्षेच्या खोलीचा आणि बिरोचा प्रश्न एक होतो. पेनाने हाताप्रमाणे वागावे की हाताने पेनाप्रमाणे?

बिरो पुन्हा कामाला बसला. समईतील तेल कुणी ढकलत नाही, तरी ते वातीतून वर चढते. बारीक जागेत द्रव आपोआप सरकतो. याच गुणाचा, म्हणजे केशाकर्षणाचा, उपयोग करून त्याने शाई बारीक नळीतून गोळीपर्यंत ओढली जाईल अशी व्यवस्था केली. आता पेन तिरपे धरले तरी ते लिहू लागले. आपल्या पेनातली लांब बारीक कांडी ही त्या सुधारणेचीच लेक.

या पेनाचे पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते आकाशात. विमान उंच गेले की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, फाउंटन पेनातली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. नकाशावर आकडेमोड करणाऱ्या वैमानिकांची त्यामुळे पंचाईत होई. दाट शाईच्या बॉलपेनाला ही बाधा कमी. हेन्री मार्टिन नावाच्या इंग्रजाने हे ओळखले, ब्रिटनपुरते हक्क मिळविले आणि तेथील हवाई दलासाठी सुमारे ३० हजार पेने तयार झाली. इंग्लंडात बॉलपेनालाच ‘बिरो’ म्हणू लागले. माणसाचे आडनाव सामान्यनाम होण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि असे झाले की लोक माणसाला विसरतात.

पैसा मात्र दुसरीकडे गेला. अमेरिकेतील हक्क एव्हरशार्प आणि एबरहार्ड फेबर या कंपन्यांनी १९४५ मध्ये पाच लाख डॉलरना घेतले. ती पेने तयार होण्याआधीच मिल्टन रेनॉल्ड्स या व्यापाऱ्याने, ब्युनोस आयरेसमध्ये बिरोचे पेन पाहून, थोडी निराळी रचना करून आपले पेन पुढे आणले. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिम्बल्स या दुकानात ते साडेबारा डॉलरना विकायला आले, आणि पहिल्याच दिवशी हजारो पेने खपली. पण त्यात बिरोने टाकून दिलेलीच गुरुत्वाकर्षणाची पद्धत होती. पेने गळू लागली, परत येऊ लागली, भाव कोसळले आणि बॉलपेनाचे नाव काही वर्षे बद्दू झाले. पुढे आपल्याकडे पांढऱ्या दांडीचे, निळ्या टोपणाचे पेन याच नावाने घराघरात गेले. माझ्या पिढीने पहिले पेन म्हणून बहुधा तेच हातात धरले असेल. शोध एकाचा आणि टोपणावर नाव दुसऱ्याचे, हे पाहून मला थोडा राग आला, तो लपवीत नाही.

बॉलपेनाला सामान्य माणसाच्या खिशात नेले ते फ्रान्समधील मार्सेल बिश याने. बिरोच्या हक्कांचा रीतसर परवाना घेऊन त्याने डिसेंबर १९५० मध्ये ‘बिक क्रिस्टल’ आणले. त्याने घड्याळे बनविणाऱ्या स्विस यंत्रांच्या तोडीची अचूकता गोळीच्या कामात आणली. पेनाची दांडी षट्कोनी केली. पेन्सिलीसारखी बोटांना धरायला बरी आणि मेजावरून न घरंगळणारी. ती पारदर्शक ठेवली, म्हणजे शाई किती उरली ते दिसावे. दांडीच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढे भोक आहे. ते आतल्या व बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी. लहानपणी ते भोक मी शाईने बुजवीत असे. २००६ सालापर्यंत अशी शंभर अब्ज पेने विकली गेली.

आपल्या मुलखातही लिहिणे सुकर करण्याचा विचार काही नवीन नाही. जुन्या दप्तरांतील कारकून मोडीत लिहीत. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे, म्हणजे वेग वाढतो आणि हाताचे श्रमही वाचतात. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला, त्यातून पुढे उंटाच्या छापाची शाई मराठी शाळाशाळांत पोचली. एकाच दशकात मुंबईचा हा उद्योजक शाई विद्यार्थ्यापर्यंत नेत होता आणि बुडापेस्टचा पत्रकार शाईची दौतच नाहीशी करण्याच्या खटपटीत होता! पुढे आपल्या शाळांनी बॉलपेनाला बरीच वर्षे मज्जाव केला. अक्षर बिघडते ही त्यामागची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती. तिरप्या कापलेल्या बोरूने देवनागरी अक्षराला जाड-बारीक वळण मिळते. गोळी सगळीकडे सारखीच रेघ काढते. आणि ती कितीही सहज फिरली तरी तिला कागदावर दाबावे लागते.

त्या दाबण्यातच माझ्या घट्ट्याचे मूळ आहे. निबेने कागदाला नुसता स्पर्श केला की शाई उतरते. गोळीला मात्र फिरण्यासाठी कागदाची पकड लागते, तिच्यामागे शाई दाट असते, आणि पेन फार आडवे केले तर वाटीची कड कागदाला घासते. म्हणून आपण पेन उभे धरतो, घट्ट धरतो आणि दाबतो. तीन तासांत हा दाब शेकडो ओळींवर वाटला जातो. बिरोने लिहिणाऱ्याला शाईच्या काळजीतून सोडविले, पण त्याची थोडी किंमत बोटांकडून घेतली. ही राहिलेली कसर दुसऱ्यांनी भरून काढायला घेतली. १९८४ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीने जेल शाईचे पेन आणले, ज्यात शाई गोळीजवळ हलताच पातळ होते आणि कमी दाबात उतरते. पुढे तेलाच्याच पण पातळ शाया निघाल्या. पकडीला रबर आले, दांड्या जाड झाल्या. जाड दांडीला बोटे कमी आवळावी लागतात. मी स्वतः या वर्षी बारीक दांडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाहिला. दिसते वाईट, पण शेवटच्या प्रश्नापर्यंत अंगठा शाबूत राहिला. शेजारच्या बाकावरील मित्राने हसून घेतले, आणि पुढच्या पेपरला त्याच्याही पेनावर ट्यूब होती.

बिरो अर्जेंटिनातच राहिला. पेनाच्या धंद्यातून मोठी माया जमविणाऱ्यांत त्याची गणना होत नाही. चित्रे काढणे आणि नव्या गोष्टी शोधणे हे त्याचे जुने नाद सुटले नाहीत. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी ब्युनोस आयरेस येथे तो वारला. त्याचा जन्मदिवस, २९ सप्टेंबर, अर्जेंटिनात शोधकांचा दिवस म्हणून पाळतात.

आमच्या गावच्या दुकानात पेन नावाने मागत नाहीत. पाचवाले द्या, दहावाले द्या, असे म्हणतात. दुकानदार कागदाच्या तुकड्यावर एक गोल गिरवून ते चालते की नाही हे दाखवितो, आणि मग पैसे घेतो. तेंदूपानांच्या हंगामात फळीवर दिवाणजीच्या कानामागे असेच एक पाचवाले खोचलेले असते. पुडके मोजून झाले की तो ते काढतो, टोक तळहातावर एकदा फिरवून पाहतो, आणि माझ्या आईचे नाव लिहितो.